मोतीची खाज आणि गोळीचा हिशेब

पावसाळ्यात वेताळ टेकडीच्या गवतातून फिरून आला की आमचा कुत्रा मोती पंजे चाटून लाल करायचा, काखेत खाजवून केस घालवायचा. डॉक्टरांनी आधी कंगव्याने पिसवा शोधल्या, कानातला मळ तपासला, मग ओक्लासिटिनिब (अपोक्वेल) ही खाजेवरची गोळी लिहून दिली.

तिचा डोस वजनावर ठरतो: दर किलोला ०.४ ते ०.६ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त १४ दिवस. पुढे दिवसातून एकदाच. म्हणून वजन अंदाजाने सांगू नका. मी मोतीला कडेवर घेऊन काट्यावर उभा राहिलो, मग एकटा, आणि वजाबाकी केली. १४ किलो भरला, म्हणजे एका वेळी १६ मिलिग्रॅमच्या गोळीतली अर्धी, ८ मिलिग्रॅम. गोळीवर मधोमध खाच असते, तिथेच मोडायची.

दोनदाची एकदा झाल्यावर खाज थोडी उसळली. दुसरी गोळी द्यायचा मोह फार होतो, पण मी फोन केला. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही. कानात यीस्ट (एक बुरशी) निघालं, त्याचं औषध दिलं, आणि खाज बसली.

हे औषध प्रतिकारशक्तीवर काम करतं, त्यामुळे वर्षाच्या आतल्या पिल्लाला किंवा गंभीर जंतुसंसर्ग असलेल्या कुत्र्याला देत नाहीत. घरातली उरलेली स्टेरॉइडची गोळी सोबत देऊ नका. माणसांच्या सर्दीच्या गोळ्या तर मुळीच नकोत; त्यातलं स्यूडोएफेड्रिन कुत्र्याच्या जिवावर बेततं. उलटी, जुलाब, नवी गाठ दिसली तर लगेच डॉक्टरांना कळवा.