बेडकाच्या भ्रूणात ‘न्यूरल’ बँड दिसला म्हणून उड्या मारू नका, आधी या चुका टाळा

दरवर्षी नवीन मुलं लॅबला येतात आणि दरवर्षी तीच चूक बघून जीव जातो. झेनोपस बेडकाच्या भ्रूणाची ॲनिमल कॅप (वरच्या टोकाचा पेशींचा तुकडा) कापायची, नॉगिन नावाचं प्रोटीन द्यायचं, न्यूरल मार्करचा (पेशी चेतासंस्थेच्या वाटेला लागल्याची खूण) बँड आला की "सर, इंडक्शन झालं, नॉगिनने पेशी न्यूरल केल्या!" अरे, पण मसल ॲक्टिन, म्हणजे स्नायूंचा मार्कर, लावून बघितलंस का?

कॅप मोठी कापली की कडेच्या, पुढे मेसोडर्म (स्नायू वगैरे बनवणारा थर) होणाऱ्या पेशी सोबत येतात, आणि मेसोडर्म शेजारच्या पेशींना स्वतःच न्यूरल बनवू शकतं, मग श्रेय नॉगिनचं कसं? ऐरोलीला आमच्याकडे एका मुलीचं तीन आठवड्यांचं काम असंच गेलं. कंट्रोलच्या (नॉगिन न दिलेल्या) कॅप मी कापलेल्या, छोट्या, आणि नॉगिनवाल्या तिने, तिला ठाण्याची लोकल पकडायची होती म्हणून भराभर, मोठ्या. फरक एकदम झकास दिसला, आणि तो सगळा कापण्यातला होता, मसल ॲक्टिन चमकत होतं. तेव्हापासून माझा नियम, दोन्ही गट एकाच हाताने कापायचे, एक याची एक त्याची, बरोबर टोकावरचा छोटा चौकोन. नंतर डिशमध्ये बघत बसा, स्वच्छ कॅप गोल राहते, लांबुळकी झाली तर त्यात मेसोडर्म आलं, फेका. फेकायला जीवावर येतं, पण फेकाच.

दुसरं म्हणजे "नॉगिन चेतापेशी बनवतं" असं लिहू नका, प्लीज. 1992 मध्ये सापडलेलं हे प्रोटीन बीएमपीला (पेशींना संदेश देणारं दुसरं प्रोटीन) पेशीबाहेरच पकडून ठेवतं, कॉर्डिन हे प्रोटीनही तेच करतं. बीएमपी म्हणतं त्वचा हो, ते अडवलं की पेशी न्यूरल वाटेला लागते. म्हणूनच कॅल्शियम नसलेल्या सोल्युशनमध्ये कॅप विसरलात तर पेशी सुट्या होतात, बीएमपी पातळ होतं आणि काहीही न देता न्यूरल मार्कर येतो! आणि नॉगिनने येतं ते पुढच्या, मेंदूकडच्या भागाचं, मागचा भाग हवा तर विंट (Wnt), एफजीएफ (FGF) हे दुसरे सिग्नल लागतात.

ऑर्गनायझर, म्हणजे शेजारच्या पेशींना न्यूरल बनवणारा भ्रूणाचा भाग, दाखवणारा स्पेमान आणि मॅनगोल्डचा 1924 चा प्रयोग न्यूटवर (सॅलमँडरचा एक प्रकार) होता, बेडकावर नाही.

डिशला आगरोजचा थर द्या, नाहीतर कॅप प्लॅस्टिकला चिकटते.

मे महिन्यात एसीवर विश्वास ठेवू नका, थर्मामीटर डिशजवळ ठेवा. 23 डिग्रीला फलनानंतर साधारण 9 तासांत स्टेज 10 (भ्रूणाच्या वाढीचा टप्पा) येते, म्हणजे ऑर्गनायझरचे सिग्नल सुरू झाले. कापायचं त्याआधी, स्टेज 8-9 ला, मग ती वेळ पहाटे चारची असली तरी.