राजकारणाची सुरुवात आपल्या नळापासून
ठाण्याहून रोज लोकलने नोकरीला जाणाऱ्याने राजकारण समजून घेण्यासाठी वाहिन्यांवरील चर्चांऐवजी स्वतःला भिडणारा एकच प्रश्न, उदाहरणार्थ सोसायटीचा पाणीपुरवठा, निवडावा आणि त्याचा निर्णय कोण घेतो, पैसा कुठून येतो, एवढेच वर्षभर पाहावे. पाणीपुरवठा हा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतील, म्हणजे शहरांच्या स्थानिक संस्थांकडे सोपवता येणाऱ्या, १८ विषयांपैकी एक असल्याने शोध महानगरपालिकेच्या अर्थसंकल्पापासून सुरू करावा. त्यातली पाण्याची पाने गाडीत उभ्याउभ्याही वाचून होतात. गल्लीतल्या नव्या गटाराजवळचा ‘आमदार निधीतून’ हा फलकही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो, कारण नगरसेवक आणि आमदार यांच्या कामांची सरमिसळ तिथेच नजरेस येते. माहिती अडल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो.