पर्यावरण आणि कामगार-आरोग्य कायद्यांचा इतिहास कसा अभ्यासावा

एखाद्या देशातील पर्यावरण किंवा कामगार-आरोग्य कायद्याचा इतिहास लिहायचा असेल, तर आधी मूळ अधिनियम आणि त्यातील दुरुस्त्या तारखेनुसार लावून घ्याव्यात आणि प्रत्येक दुरुस्तीपूर्वीच्या काही वर्षांत काय घडले होते ते तपासावे. भारतात १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आला आणि १९८७ मध्ये १९४८ च्या कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले; हा क्रम पाहिल्याशिवाय त्या तरतुदींचा रोख समजत नाही.

त्यानंतर अंमलबजावणी कोणाकडे होती हे शोधावे, आणि माझ्या मते अभ्यासाचा सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. ब्रिटनमध्ये १८०२ पासून कारखानाविषयक कायदा होता, परंतु सरकारी निरीक्षक नेमले गेले ते १८३३ च्या कायद्याने, आणि तेही अवघे चार. सोडा (अल्कली) बनवणाऱ्या कारखान्यांसाठीच्या १८६३ च्या अल्कली कायद्याने मात्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा ९५ टक्के वायू रोखण्याची मोजता येणारी अट घातली, त्यामुळे निरीक्षकाच्या हाती ठोस निकष आला.

अमेरिकेच्या बाबतीत १९७० हे वर्ष बारकाईने वाचावे. त्या डिसेंबरमध्ये पर्यावरण संरक्षण संस्था कार्यरत झाली आणि व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य कायद्यावर स्वाक्षरी झाली. कामाच्या जागेवरील सुरक्षेची अंमलबजावणी कामगार खात्याकडे गेल्यामुळे, कारखान्याच्या आतली हवा आणि बाहेरची हवा यांची कागदपत्रे वेगवेगळ्या दप्तरांत शोधावी लागतात.