‘कल्याणच्या पुढे जाते ना?’ अनोळखी माणसाला विचारताना या चुका टाळा

डोंबिवलीला लोकलच्या लेडीज डब्याच्या दारात उभ्या असलेल्या एका बाईंना मी घाईघाईत विचारलं, “कल्याणच्या पुढे जाते ना ही?” त्या म्हणाल्या, “हो, जाते.” मी चढले. मला जायचं होतं बदलापूरला. कल्याण गेलं, आणि पुढचं स्टेशन आलं शहाड.

त्या बाईंनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. कल्याणनंतर रूळ फुटतात. एक फाटा शहाड-टिटवाळ्यावरून कसाऱ्याला जातो, दुसरा अंबरनाथ-बदलापूरवरून कर्जतला. गाडी कल्याणच्या पुढे जात होतीच की! इंडिकेटरवर ‘एन’ म्हणजे कसारा आणि ‘एस’ म्हणजे कर्जत, हे रोजच्या माणसाला पाठ असतं, माझ्यासारख्या अधूनमधून येणारीला नसतं. म्हणून तर विचारायचं. पण “बदलापूरला थांबते का?” असं न विचारता मी माझाच अंदाज पुढे केला आणि त्यावर शिक्का मारून घेतला.

त्या दिवसापासून लोक कसे विचारतात (आणि मी कशी विचारते) याकडे जरा लक्ष द्यायला लागले. चुका ठरावीकच असतात.

प्रश्नाच्या शेवटी ‘ना’

“हाच रस्ता स्टेशनला जातो ना?” या प्रश्नाला “हो” म्हणायला काही लागत नाही. समोरचा घाईत असतो, भिडस्त असतो, किंवा त्यालाही तसंच वाटत असतं. “स्टेशनला कुठून जायचं?” असं विचारलं की माहीत नसलेला माणूस लगेच अडखळतो. ते अडखळणं तुमच्या कामाचं असतं. “अं... बहुतेक...” म्हणत त्यानं हात हवेत गोल फिरवला तर आभार मानून पुढच्याला गाठा.

कलिंगडवाल्याला “गोड आहे का?” विचारणं याच जातीचं. तो “नाही” म्हणेल अशी अपेक्षा आहे का? “आज रात्रीच कापायचंय, कुठलं देता?” असं विचारा. मग तो दोन-चार वाजवून बघतो, एखादं बाजूला सारतो. निवड त्याच्या गळ्यात पडली की त्याला थोडी तरी लाज राखावी लागते.

अर्धा पत्ता

पुण्यात नुसतं “वडगावला कसं जायचं?” विचारलंत तर उत्तर बरोबर मिळूनही तुम्ही चुकीच्या गावी पोचाल. सिंहगड रस्त्याकडे वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द. नगर रस्त्याच्या बाजूला वडगाव शेरी. लोणावळ्याकडे जाताना वडगाव मावळ. बुद्रुक म्हणजे मोठं आणि खुर्द म्हणजे धाकटं, हे दोन्ही शब्द फारसीतून आले. एका नावाची दोन गावं शेजारी असली की ही शेपटी लागते. ती शेपटी म्हणजे अर्धा पत्ता आहे, बोलताना गाळू नका.

दुसरी गंमत जुन्या माहितीची. शिवाजीनगरचा एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवला, तरी नंतर कितीतरी दिवस लोक बॅगा घेऊन जुन्या जागी उतरत होते, कारण विचारलं होतं “शिवाजीनगर स्टँड” आणि सांगणाऱ्याच्या डोक्यातही तोच जुना स्टँड होता. दादरला पूर्वी पश्चिम रेल्वेचाही एक नंबरचा प्लॅटफॉर्म होता आणि मध्य रेल्वेचाही. डिसेंबर २०२३ पासून पश्चिमचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्यचे ८ ते १४ झाले. पण वीस वर्षं दादरला गाडी बदलणाऱ्याच्या तोंडी जुनाच नंबर येऊ शकतो, त्यात त्याची चूक नाही. म्हणून फक्त नंबर घेऊन पळू नका. कुठे जाणारी गाडी, स्लो की फास्ट, हेही त्याच दमात विचारा.

कोणाला विचारता?

हातात सुटकेस असलेल्या माणसाला रस्ता विचारणारे लोक मी रोज बघते. तो स्वतःच पाहुणा असतो! इस्त्रीवाला, पानटपरी, दूधवाला, सोसायटीचा वॉचमन, ही माणसं त्या गल्लीत दिवस काढतात. रिक्षावाल्याला रस्ता सगळ्यात चांगला माहीत असतो, फक्त “चालत जाता येईल का?” हा प्रश्न त्याला विचारू नये. आणि चौघांच्या घोळक्याला तर अजिबात विचारू नका. पाच मिनिटांत त्यांचं आपसात भांडण लागतं आणि तुम्ही मधे उभे.

हाक मारतानाही जरा बघा. पंचेचाळिशीच्या बाईंना “आजी” म्हणून सुरुवात केलीत तर पुढचं उत्तर त्रोटक येणार. “ताई” आणि “दादा” यांत सहसा कोणी दुखावत नाही. पेठांमध्ये काही दारांवर पत्ता विचारू नये अशी पाटीच असते. तिथे ताईही चालत नाही, दादाही चालत नाही.

“हे काय, इथंच”

गडावर जाताना गावातल्या मामांना “किती वेळ लागेल?” विचारलं की “अर्धा तास” असं उत्तर येतं. ते त्यांच्या पायांचं उत्तर असतं. हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट, खिरेश्वरवरून तोलार खिंडीची वाट आणि नळीची वाट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण तिन्ही वाटांच्या बाबतीत “जाते की वर” हे उत्तर खरंच असतं. वेळ विचारण्याऐवजी वाटेबद्दल विचारा. मळलेली आहे की मधेच ढोरवाटा फुटतात? डावीकडची सोडायची की उजवीकडची? टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे का? आणि “तुमच्यासोबत कोणी नवखं आलं तर किती वेळ लागतो?” या प्रश्नावर मामा हसतात आणि आकडा दुप्पट होतो.

दुकानात औषध मागणं, दुखणं न सांगणं

हार्डवेअरच्या दुकानात मी एकाच नळासाठी तीन फेऱ्या मारल्या आहेत. “वॉशर द्या.” “कुठला?” “साधा.” साधा नावाचा वॉशर जगात नाही. अर्धा इंची नळ की पाऊण इंची, इथून सुरुवात. आणि मुळात वॉशरच गेलाय हे मी कशावरून ठरवलं होतं? जुन्या पद्धतीचा नळ बंद करूनही तोंडातून ठिबकत असेल तर बहुधा वॉशर. मुठीच्या बुडाशी, दांड्याजवळून पाणी येत असेल तर वॉशर बदलून काही होत नाही, तिथलं पॅकिंग बघावं लागतं. आणि अर्ध्या फेऱ्यात उघडणारा नवा नळ असेल तर बहुतेक वेळा आतला अख्खा स्पिंडलच बदलतात. काउंटरवरचा माणूस हे सगळं एका वाक्यात ओळखतो, पण पाणी कुठून येतंय ते त्याला सांगावं लागतं. जुना भाग काढून खिशात टाकून न्या. तो काढता येत नसेल तर नळाचा फोटो.

दुसरा सल्ला घेताना पहिला सांगून टाकणं

“ते म्हणाले डावीकडे, बरोबर आहे का?” दुसरा माणूस पहिल्याला कशाला खोटं पाडेल? कोरा प्रश्न विचारा, नव्यानं. दोन उत्तरं जुळली तर चाला.

जिथे विचारायचंच नाही

केमिस्टच्या रांगेत शेजारच्याला तापाची गोळी विचारू नका. डेंग्यूचा संशय असेल तर ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळतात, हे त्या शेजाऱ्याला माहीत असेलच असं नाही. साप चावला तर जमलेली गर्दी करकचून बांधा, चिरा द्या असं सांगते. त्यातलं काही करू नये, १०८ लावावा किंवा थेट दवाखाना गाठावा. एटीएममध्ये मागच्याला कार्ड आणि पिन देऊन मदत मागू नये, आणि पैसे ‘घेण्यासाठी’ यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसलात तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

उत्तर चुकलंच तर

लोक पुढे जाऊन दुरुस्त करायला बघतात, तिथे आणखी वेळ जातो. शेवटच्या खात्रीच्या जागी परत या. मी शहाडला उतरले आणि पलीकडच्या बाकावर बसलेल्या एका मावशींना विचारलं, “बदलापूरला जायचंय, कसं जाऊ?” यावेळी ‘ना’ नव्हता. मावशींनी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “समोरची गाडी पकड, कल्याणला उतर, तिथून कर्जत नाहीतर बदलापूर. आणि चढायच्या आधी इंडिकेटर बघ गं, लोकांना काय विचारत बसतेस.”