गुठळी विरघळवणारं औषध तपासायचंय? आधी गुठळी ठरवा, मग प्राणी

नवा विद्यार्थी आला की विचारतो, "मॅडम, कोणतं मॉडेल घेऊ?" म्हणजे कोणत्या प्राण्यात, कशी गुठळी घडवून औषध तपासू? मी आधी विचारते, गुठळी कोणती? धमनीतली गुठळी वेगाने वाहणाऱ्या रक्तात प्लेटलेट्सच्या जोरावर उभी राहते. शिरेतली साचलेल्या रक्तात होते, तिच्यात फायब्रिन (गुठळीचं जाळं विणणारं प्रथिन) आणि तांबड्या पेशी जास्त.

धमनीसाठी उंदराची कॅरोटिड, म्हणजे मानेतली धमनी, आणि तिच्या भिंतीला इजा करून गुठळी घडवणारं फेरिक क्लोराइडचं द्रावण. पूर्ण भूल द्या, शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवा, रक्ताचा प्रवाह मोजणारा डॉपलर प्रोब लावा. धमनी नीट टिपून कोरडी करा, नाहीतर द्रावण पातळ होतं. मग द्रावणात भिजवलेला फिल्टर पेपरचा इवलासा तुकडा ठरावीक वेळ ठेवून काढा. किती टक्के द्रावण, हे थोड्या प्राण्यांवर आधी ठरवा. फार तीव्र घेतलंत तर चांगल्या औषधाचाही परिणाम झाकला जातो. प्रवाह किती वेळ शून्यावर टिकला म्हणजे धमनी 'बंद', तेही आधीच लिहून ठेवा.

शिरेसाठी इन्फिरियर व्हेना कावा, म्हणजे पोटातली मोठी शीर. ती पूर्ण बांधली तर गुठळी खात्रीने होते, पण प्रवाहच नसल्याने औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. विरघळवणारं औषध तपासायचं असेल तर मी अर्धवट बांधायला सांगते. काही उंदरांत गुठळी होणारच नाही, तेवढे प्राणी हिशेबात धरा.

खरी अडचण प्रजातीची आहे. स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं औषध माणसाचं प्लाझ्मिनोजेन (रक्तातलं प्रथिन, जागं झालं की गुठळी विरघळवतं) जागं करतं, उंदराचं जवळजवळ नाहीच. मानवी टीपीए हे तसंच दुसरं औषध, तेसुद्धा उंदरात कमी चालतं. म्हणून पक्षाघातात माणसाला किलोमागे ०.९ मिलिग्रॅम देतात, तिथे उंदराला बहुधा १० दिलेलं दिसेल. उंदराच्या प्लेटलेट्सवर पार-१ हा थ्रॉम्बिनचा (गोठण घडवणाऱ्या एन्झाइमचा) संदेश घेणारा रिसेप्टरच नसतो, त्यामुळे त्याला रोखणारं औषध तिथे तपासण्यात अर्थ नाही. टीपीएचा पक्षाघातावरचा उपयोग १९८५ साली सशांमध्ये दिसला होता, त्यांच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात गुठळ्या सोडल्यावर. प्राण्याला हात लावण्याआधी मानवी प्लाझ्माची गुठळी नळीत विरघळवून बघा. कितीतरी जीव वाचतात, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

औषध गुठळी झाल्यानंतर द्या. आधी दिलंत तर तुम्ही प्रतिबंध मोजताय, विरघळणं नाही. गुठळी जुनी होत जाते तशी घट्ट होते, म्हणून किती मिनिटांनी दिलं ते प्रत्येक प्राण्यापुढे नोंदवा. कोणाला औषध, कोणाला नुसतं सलाइन, हे मोजणाऱ्याला कळू देऊ नका. आणि त्याच मात्रेवर शेपटीला छेद दिल्यावर किती रक्त जातं तेही मोजा, म्हणजे रक्तस्रावाचा धोका कळेल.