ऊसतोडीच्या दिवसांतलं खुराडं

रानातला ऊस तुटला की आडोसा जातो आणि मुंगूस, रानमांजर थेट वस्तीवर. कोल्हापूरकडच्या मळ्यात हिवाळ्यात कोंबड्या जातात त्या बहुतेक अशाच. खुराड्याची षटकोनी जाळी काढून अर्ध्या इंची चौकोनी घरांची वेल्डमेश, म्हणजे तारा सांध्यावर जोडलेली कडक जाळी, मारली, तेव्हा त्रास थांबला. जाळी नुसत्या खिळ्यांवर ठेवू नका, वरून पट्टी लावून स्क्रूनं आवळा. नाहीतर कोपरा उचकटतो. मुंगूस भिंतीच्या पायाशीच उकरतं, म्हणून बाहेरच्या बाजूला दीड फूट जाळी जमिनीवर आडवी पसरून वर दगडमाती टाकली. उभी गाडत बसण्यापेक्षा हे सोपं. दाराची सैल कडी कुत्रं नाकानं उचलतं, अडसर हवाच.

थंडीला गोणपाटाचे पडदे, पण वरचे ६ इंच उघडे. सगळं बंद केलं की विष्ठेचा अमोनिया कोंडतो आणि कोंबड्या घुरघुरायला लागतात. मोठ्या पक्ष्याला इथली थंडी काही करत नाही हो! खाली भाताचं तूस ४ इंच, कोरडं.

पिलांचं मात्र वेगळं. पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश ऊब, पुढं दर आठवड्याला ३ अंश कमी. बल्बखाली गठ्ठा करून बसली तर बल्ब खाली घ्या, लांब पांगली तर वर.