स्पेशल सेलची पायरी चढण्याआधी

माझी भाची सासर सोडून आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या हातात एक पिशवी होती आणि कडेवर चार वर्षांचा मुलगा. आधार कार्ड, पासबुक, लग्नाचा दाखला, पोराचा जन्मदाखला सगळं तिकडच्या कपाटात. पुढचे तीन आठवडे त्यातच गेले. म्हणून आधी कागदांचं बघा. घर सोडायचं ठरलेलं नसलं तरी त्यांचे फोटो काढून विश्वासाच्या माणसाला पाठवा आणि स्वतःच्या फोनमधून पुसून टाका. मारहाण झाली असेल तर सरकारी दवाखान्यात जा, मार कुणी दिला ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, केसपेपर जपून ठेवा.

आम्ही आधी एका पोलीस चौकीत गेलो. तिथं ‘भांड्याला भांडं लागणारच’ असं ऐकून परत आलो. तुम्हालाही कुणी असं म्हणालं तर तिथंच थांबू नका. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष सेल, म्हणजेच स्पेशल सेल आहेत. पहिला १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं सुरू केला. तिथं वर्दीतली माणसं नाही, समाजकार्य शिकलेल्या ताई बसतात. पैसे लागत नाहीत. आपल्या जवळचा सेल कुठं आहे ते १८१ या महिला हेल्पलाइनवर विचारा. जिवाला धोका असेल तर मात्र थेट ११२.

जाण्याआधी वहीत लिहून काढा. ‘फार त्रास देतात’ एवढ्यानं भागत नाही. भाचीला तारखा आठवेनात, तेव्हा आम्ही सणांवरून मोजलं: संक्रांतीला काय झालं, गणपतीत काय, पोराच्या वाढदिवसाला काय. कोण हजर होतं, दागिने कुणाकडे आहेत, पगार कुणाच्या हातात जायचा, हेही लिहिलं. दोन संध्याकाळी लागल्या, पण तिथं तिला एकदाही अडखळावं लागलं नाही.

ताईंनी विचारलं, “तुला काय हवंय?” भाचीला सांगता येईना. चालतं. नांदायचं की वेगळं व्हायचं हे ठरवूनच जायला हवं, असं अजिबात नाही. नवऱ्याला बोलावून एकत्र बैठक घ्यायचा विषय निघेल. भीती वाटत असेल तर आत्ता नको म्हणा. बैठक झालीच तर जे ठरेल ते लेखी घ्या, वाचून सही करा, प्रत मागा.

दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं, घर तिच्या नावावर नसलं तरी नांदत्या घरात राहण्याचा हक्क बाईला आहे. त्यासाठी कोर्टात अर्ज करायला या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी मदत करतात. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. भाची नोकरीवाली, म्हणून आपल्याला मिळणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो.

सोबत जाणाऱ्यांना एक विनंती. आत तिच्या वतीनं बोलू नका. पोराला घेऊन बाहेर बसा, डबा न्या, वेळ लागतो. आम्ही नातवंडाला पोळीचा लाडू भरवत बाकावर दोन तास बसलो. ती बाहेर आली, माझ्याशेजारी टेकली आणि म्हणाली, “मावशी, भूक लागलीय गं.” आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच तिनं स्वतःहून खायला मागितलं.